बिननंबरच्या गाडीवर पाट

विजेची सायकल मी गुडघ्यांसाठी घेतली, असे मी सर्वांना सांगत असे. गुडघे हे निमित्त होते. एका सकाळी रिक्षातून भाट्याच्या पुलावरून येताना ताडपत्रीच्या फटीतून खाडीचा खारा वारा माझ्या एका कानाला लागला, आणि हा वारा आपल्याला संपूर्ण चेहऱ्यावर हवा, अशी एक अत्यंत अव्यवहारी इच्छा माझ्या मनात रुजली. सारा जन्म कवितेत घालवलेल्या बाईच्या इच्छा अशाच असतात. त्या पुऱ्या करताना किती वेळा जमिनीवर यावे लागते, हे तिला मागाहून कळते.

आमची रत्नागिरी सायकलच्या सोयीने वसलेली नाही. समुद्र खाली, आमचे घर नाचणे गावाच्या बाजूला वर कातळाच्या सड्यावर, आणि दोहोंच्या मध्ये असे उतार की जाताना ब्रेक आठवावेत आणि येताना वय. स्कूटर माझ्या नशिबात नव्हती. तरुणपणी परवान्यासाठी मैदानात आठचा आकडा काढून दाखवायचा होता. अर्धा आठ झाला असेल, तेवढ्यात कुठूनशी सुरंगीच्या फुलांचा वास आला. मी मान वळवली, मानेमागून स्कूटर वळली, आणि परीक्षा घेणाऱ्या गृहस्थांना कुंपणावर चढावे लागले. तिथून उतरताना त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यावर मी पुढे एक कविताही लिहिली. परवाना मात्र मिळाला नाही.

त्यामुळे सायकलच्या दुकानदाराने जे सांगितले, ते मला गद्य वाटलेच नाही.

"मोटर अडीचशे वॅटच्या आतली, वेग ताशी पंचवीसच्या आत. म्हणजे कायद्याने ही मोटारगाडीच नाही, मॅडम. लायसन नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको."

मी ते तिथल्या तिथे पाठ केले. पुढे त्याने आवाज उतरवून असेही सुचवले की वेगाचे कुलूप काढून देता येईल, मग ती चाळीसला पळेल, अर्थात तसे केले की ती मोटारगाडी ठरेल आणि सगळे कागद लागतील, "पण बघतंय कोण?" मी बाणेदारपणे नकार दिला. या नकाराच्या आधारावर मी नंतर चारचौघांत कायद्याच्या आदराविषयी बरेच बोलले आहे. वस्तुतः वीसच्या पुढे गेले की माझे डोळे आपोआप मिटू लागत.

गाडी अंगणात आली तेव्हा जाऊबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. आमच्या घरात आम्ही दोघीच राहतो. माझे यजमान जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. मोठे दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मुंबईत नोकरीला, सणावारी येणारे. घर, आवार, विहीर आणि मी, या चारही गोष्टी जाऊबाईंच्या ताब्यात आहेत. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"नंबर कुठाय हिचा?"

"हिला नंबर लागत नाही, वहिनी."

"आणि लायसन?"

"तेही लागत नाही."

"मग ही गाडी नव्हेच. जत्रेतून आणतात ते खेळणं. चावी दिली की पळतं."

"चावी नाही हो, चार्ज करावी लागते."

"तेच ते गो."

कायद्याने मला शिरस्त्राणाचीही सक्ती नव्हती, म्हणून पहिले काही दिवस मी उघड्या डोक्याने हिंडले. वारा केसांत शिरत होता. चढावर मी मनातल्या मनात मंदाक्रांता म्हणत असे आणि सपाटीवर भुजंगप्रयात. पायडलला लय मिळाली की मोटर मागून हलकेच हात लावते, जसा लहानपणी कुणी झोपाळ्याला लावावा. अशा अवस्थेत मी एकदा मिरकरवाड्याच्या रस्त्याला लागले. पुढे मासळीचा टेम्पो चालला होता आणि त्याच्या मागच्या फळीतून बर्फाचे पाणी ठिबकत होते. ओल्या दोराचा, बर्फाचा, बांगड्यांच्या निळसर पाठींवर पडलेल्या उन्हाचा असा एक मिश्र वास माझ्यापर्यंत आला आणि मी त्यासाठी शब्द जुळवू लागले. वास आला होता. त्याचा अर्थ तेवढा लागला नाही. त्या पाण्यात माशांचे तेल असते, आणि तेलावर चाक थांबत नाही. ब्रेक दाबला तेव्हा गाडी डावीकडे गेली, विशेषणे उजवीकडे गेली, आणि मी मधोमध बसले. कडेला टोपली घेऊन बसलेली मासेवाली उठलीही नाही.

"काय बाय, बांगडे रस्त्यावर नाय मिळत. हिकडे ये, ताजे देते."

मी अर्धा डझन घेतले. नाही कसे म्हणणार?

त्या संध्याकाळी हेल्मेट आणले, पिवळेधमक. जाऊबाईंनी बांगडे साफ करता करता मान वर केली आणि म्हणाल्या, "डोक्यावर बरका फणस घेतल्यासारखी दिसतेस." पण दुसऱ्या दिवसापासून मी ते विसरून निघाले की जाऊबाईच ओट्यावरून हाक मारत, "अगो, फणस राहिला!"

एक गोष्ट मात्र मी सुधारली नाही. या गाडीचा मला सर्वांत जास्त अभिमान होता तो तिच्या मौनाचा. ती आवाज करीत नाही. डांबरावर पान घसरावे तशी जाते. अशा गाडीवर घंटी वाजवणे मला असभ्य वाटे. समोरचा माणूस काही विचारात असेल, त्याच्या विचारात आपण मध्येच ट्रिंग करावे? परिणामी लोक माझ्यामुळे दचकत. गायी दचकत. एकदा अंगणात शिरताना जाऊबाईच दचकल्या आणि हातातले सूप पडून अंगणभर तांदूळ झाले.

"मांजर तरी पायात येताना म्यॅव करतं," त्या म्हणाल्या. "तू एक शब्द बोलत नाहीस. इतर वेळी थांबत नाहीस."

मी हसून सोडून दिले. मौन हा माझा प्रांत होता.

श्रावण लागला. आमच्याकडे गणपतीची मूर्ती बाजारातून उचलून आणीत नाहीत. घरचा पाट आधी गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, सोबत नारळ आणि विडा ठेवायचा, आणि मूर्तिकार त्याच पाटावर माती चढवतो. पाट गेला म्हणजे गणपतीला बोलावणे गेले. आमचा पाट फणसाच्या लाकडाचा आहे, तुपासारखा पिवळा, मधोमध कुंकवाचे ओले-सुके थर बसून लाल झालेला. दरवर्षी तो दीर नेतात. या वर्षी त्यांचा फोन आला.

"यंदा रजेचं काही जमत नाही. मी म्हणतो, यंदा गणपती इकडेच आणू. फ्लॅटमध्ये. दोघी बायका पाट कुठे न्याल, मूर्ती कशी आणाल, गुरुजी, आरास... झेपायचं नाही तुम्हांला."

जाऊबाई फोन कानाला लावून खिडकीबाहेर बघत होत्या. "पाट आम्ही नेऊन देतो," त्या म्हणाल्या.

"कशावर?"

"ते आम्ही बघू."

"बरं. रविवारपर्यंत पाट कारखान्यात पोचला की मला कळवा. नाहीतर मी इकडे मूर्ती सांगून टाकतो. नंतर कारागीर मिळत नाहीत."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ चुलीपाशी काहीतरी हलवत होत्या; चुलीवर काहीच नव्हते. मग माझ्याकडे पाठ ठेवून म्हणाल्या, "एकदा गेलेला गणपती परत येतो काय गो? पुढल्या वर्षी म्हणतील, इकडे सवय झाली. त्याच्या पुढल्या वर्षी घराला कुलूप. मग आपण दोघी इथे कुणासाठी दिवा लावायचा?"

जाऊबाई मला रागावल्या आहेत, माझ्यावर हसल्या आहेत, माझ्या कवितांमध्ये मीठ कमी आहे असेही एकदा म्हणाल्या आहेत. पण असा काळजातला प्रश्न मला त्यांनी कधी विचारला नव्हता. हा पहिला. अशा वेळी शहाण्या बाईने रिक्षा सांगितली असती. जाऊबाईंनीही तेच सुचवले. मी म्हणाले, "रिक्षा कशाला? माझी गाडी आहे ना." त्या क्षणी मला असे दिसत होते की श्रावणातल्या उन्हात, नि:शब्द गाडीवरून, गणपतीचे बोलावणे घेऊन मी उतार उतरते आहे. इतके सुंदर दृश्य मी वाया कसे घालवणार?

शनिवारी सकाळी पाट बांधायला घेतला. जाऊबाईंच्या अटी होत्या. पाट उभा न्यायचा नाही. उताणा ठेवायचा, कुंकवाची बाजू वर. पाय लागता कामा नये.

"सीट चामड्याची नव्हे ना?"

"रेक्झिनची आहे, वहिनी."

"बघ हां."

पाट लांबीला ठेवला तर माझ्या पाठीत घुसत होता; उभा ठेवायचा नव्हता; म्हणून धुतलेला पंचा अंथरून मी तो कॅरियरवर आडवा ठेवला आणि काथ्याने बांधला. दोन्ही अंगांनी तो हातभर बाहेर आला. पक्ष्याने पंख उघडावेत तसा तो मला दिसला. हेच पंख रस्त्यावर रिक्षाइतकी जागा घेणार आहेत, हे पंखांकडे पाहताना कुणाच्या मनात येते? काथ्याची गाठ मीच मारली. जाऊबाईंनी ती ओढून पाहिली, "सैल वाटते," म्हणाल्या, आणि मी म्हणाले, "लवचीक आहे." पुढच्या टोपलीत नारळ आणि विडा ठेवला. त्यांनी पाटाला हात लावून नमस्कार केला, मग थोडे थांबून गाडीलाही केला.

माळनाक्यापर्यंत सारे दृश्यात ठरल्याप्रमाणे झाले. नुकतीच सर पडून गेली होती. कुंपणांच्या गडग्यांचे जांभे दगड भिजून गडद झाले होते, त्यांच्या फटींत तेरडा गुलाबी झाला होता, हवेला भाजक्या मातीचा आणि कुणाच्या तरी चुलीवरच्या गुळाचा वास होता. मग उतार लागला. उतारावर मोटरचे काही काम नसते; तिथे फक्त वजन असते, आणि वजन त्या दिवशी माझे, पाटाचे आणि जाऊबाईंच्या प्रश्नाचे होते. ब्रेक दाबला. ओल्या चाकावर तो क्षणभर विचार करतो आणि मग धरतो.

कडेला उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधून छत्री मिटवत एक आजोबा रस्त्यावर आले. त्यांनी पाहिले नाही, कारण त्यांना काही ऐकू आले नव्हते. घंटीवर माझा अंगठा होता. मी ती वाजवली नाही. त्याऐवजी मी मोठ्या सफाईने गाडी वळवली, आजोबांच्या शेजारून मी गेले, हँडल गेले, चाक गेले, आणि आपण पार झालो म्हणून निःश्वास टाकला.

पाट पार झाला नव्हता. त्याच्या टोकाने आजोबांची छत्री उडवली, हिसक्याने गाडी फिरली, माझी लवचीक गाठ खरोखरीच लवचीक निघाली, आणि पाट घसरून कडेच्या चिऱ्यावर कोपऱ्याने आदळला. टक्. फणसाच्या लाकडाचा तो कोरडा आवाज आधी आला. त्यानंतर माझे हेल्मेट चिऱ्यावर आपटल्याचा आवाज आला, तो त्या मानाने बराच पोकळ होता.

"डोळे फुटले काय गो तुझे! बया..." आजोबांनी सुरुवात केली आणि त्यांची नजर कुंकवावर गेली. शिवी त्यांनी अर्ध्यात गिळली. चपला काढल्या, हात जोडले, "मोरया," असे पुटपुटले. मग काळजीने विचारले, "पाटाला लागलं नाय ना?"

माझ्याविषयी त्यांनी विचारले नाही, आणि मलाही ते वावगे वाटले नाही.

तेवढ्यात नाक्यावरच्या ट्रॅफिक पोलीस बाई धावत आल्या. तरुण होत्या, पावसाळी कोटातून पाणी निथळत होते. गणवेश दिसताच माझ्यातला सुरंगीचा जुना अपमान जागा झाला आणि रस्त्यावर बसल्या बसल्याच मी म्हणू लागले, "मोटर अडीचशे वॅटच्या आत, वेग ताशी पंचवीसच्या आत, त्यामुळे परवाना, नोंदणी..."

"काकू, लायसन मागितलं का मी?"

"नाही."

"हात हलवा. हा. पाय हलवा. चक्कर येते?"

"नाही."

"घंटी आहे ना गाडीला? वाजवलीत?"

"नाही."

"का?"

याचे खरे उत्तर एका ओल्या रस्त्यावर, आजोबांच्या मोडक्या छत्रीसमोर देण्यासारखे नव्हते. मी म्हणाले, "राहून गेलं."

त्यांनी पाट दोन्ही हातांनी उचलला, आडवा धरला, आणि त्याच्याकडून माझ्या गाडीकडे व गाडीकडून पाटाकडे पाहिले. "हा असा नेत होतात? उतारावरून? अख्खा रस्ता घेतलात की. नंबर नसला तरी रस्त्यावरच चालवायची ना गाडी, काकू?" मग माझे हेल्मेट हातात घेऊन त्यावरचा बोटभर लांब ओरखडा त्यांनी मला दाखवला. बोलल्या त्या वेगळेच: "चढ चढते का हो ही? आई मागे लागलीये माझी, अशीच पाहिजे म्हणून."

"चढते," मी म्हणाले. "उतारच जमत नाही."

पाटाचा कोपरा गेला होता. सुपारीएवढा तुकडा गटाराच्या काठावर सापडला, आतून अगदी कोवळा पिवळा. तो मी तळहातावर घेऊन पुसला. पाट पोचला नाही तर गणपती मुंबईला, हे ठरलेले होते. तुटका पाट पोचला तर काय, हे कुणीच ठरवले नव्हते. उपमा सुचेना. मी घरी फोन लावला.

"वहिनी, मी पडले."

"तू की पाट?"

"दोघं. आधी पाट."

मग, "डोकं?"

"शिरस्त्राणामुळे वाचलं."

"शिरस्त्राण म्हणतेस म्हणजे शाबूत आहे. हलू नको तिथून. येते."

त्या रिक्षातून आल्या त्या इरकली नेसून. बाजारात जाताना त्या इरकली नेसत नाहीत, देवाच्या कामालाच नेसतात. आधी माझे कोपर पाहिले, आजोबांना छत्री भरून देण्याचे कबूल केले, आणि शेवटी पाट पाहिला. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मी तुकडा पुढे केला. तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधला. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे मौन माझ्या मौनापेक्षा फारच वरच्या दर्जाचे होते.

रिक्षात बसून त्यांनी पाट उताणा मांडीवर घेतला. रिक्षा सुरू झाली तेव्हा बाहेर डोकावून म्हणाल्या, "मागून ये. आणि घंटी वाजवत ये."

मी वाजवत गेले. दर वळणावर, दर माणसाला, दर कोंबडीला. लोक बाजूला होत होते आणि आपापल्या विचारांत परत जात होते. कुणाचेही काही बिघडले नाही.

कारखान्यात ओल्या शाडूचा गार वास कोंदला होता आणि रांगेने बिनडोळ्यांचे गणपती बसले होते. मूर्तिकाराने पाट उलटसुलट करून पाहिला. ते दिरांचे बालमित्र. "वहिनी, काही घरं असा पाट चालवतात, काही नाही चालवत," ते म्हणाले. "नवा करायचा तर सुताराकडून यायला वेळ जाईल, आणि माती माझी मळून झालीये. तुमच्याकडे कसं ते तुम्ही सांगायचं. नाहीतर दादाला फोन लावू?"

सगळे गणपती आणि मी जाऊबाईंकडे पाहू लागलो. आमच्याकडे असले निर्णय आजवर दादाच, म्हणजे दीरच, घेत आले होते.

जाऊबाईंनी पाट हातात घेतला आणि सावकाश अर्धा फिरवला. तुटका कोपरा भिंतीच्या बाजूला गेला.

"हा कोपरा मागे येऊ दे," त्या म्हणाल्या. "मखरात मागे बघायला कोण जातंय? पाट आमचा आहे, चालतो आम्हांला."

त्यांनी नारळ ठेवला, विडा ठेवला, आणि तिथूनच फोन लावला.

"अहो, पाट पोचला... हो, आजच... हिने आणला. गाडीवरून... कुठल्या म्हणजे? ती बिननंबरची... छे, काही त्रास नाही झाला. रस्त्याने लोक पाया पडत होते."

ते खोटे नव्हते. एक गृहस्थ पडले होते.

घरी आल्यावर मी माफी मागू लागले, तेव्हा त्यांनी हळद गरम करून माझ्या कोपराला लावली, जरा जास्तच गरम. त्यानंतर पदराची गाठ सोडली, सुपारीएवढा तुकडा देवघरात तांब्यामागे ठेवला आणि म्हणाल्या, "गाठ मारायला शिकवते उद्या."

मूर्ती आणायच्या दिवशी टेम्पो सांगितला होता. दीर आले नाहीत. मुंबईहून फोनच्या पडद्यावर त्यांचा चेहरा तेवढा सारखा डोकावत होता. मी गाडी अंगणातच ठेवली आणि टेम्पोत जाऊबाईंच्या शेजारी चढू लागले, तर त्यांनी हात आडवा घातला.

"तू कुठे चढतेस? गाडी काढ. टेम्पोच्या पुढे राहा."

"मी? पुढे?"

"हा टेम्पोवाला हाणतो गाडी. तू पुढे असलीस की त्याचा इलाज नाही. अख्ख्या रत्नागिरीत तुझ्याइतकं सावकाश कुणी जात नाही." आणि माझ्या हातात पिवळे हेल्मेट देत म्हणाल्या, "फणस घाल. घंटी थांबवायची नाही."

तर मी पुढे होते. चढ लागला, मोटरने मागून हलकेच हात लावला. मागे टेम्पोत जाऊबाई मूर्तीला धरून बसल्या होत्या, तुटका कोपरा मागे ठेवून. पाऊस थांबला होता. मंदाक्रांता मनात येऊ पाहत होती, पण अंगठा घंटीवरून हलवायची परवानगी नव्हती, आणि त्या आवाजात एकही ओळ धड जुळेना.